कोरड्या विहिरीतला संत

बाई,

तुम्हाला तोंडावर मी कधी बाई म्हटलं नाही. तिथे सगळे प्रोफेसर म्हणत, मीही तेच म्हणायची. मनात मात्र पहिल्या आठवड्यापासून बाईच. सोलापूरची मुलगी बॉस्टनजवळच्या कॉलेजात आर्मेनियाचा प्राचीन इतिहास शिकायला निघाली, तेव्हा आईनं विचारलं होतं, "अगं, इतिहासच हवा तर आपल्याकडे काय थोडा आहे?" तिला काय सांगणार? मुंबईला फोर्टात एका आर्मेनियन चर्चच्या अंगणात थडग्यांवर गळासारखी वाकडी अक्षरं पाहिली होती आणि ती वाचता येत नाहीत याचा राग आला होता. तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसला नाहीत. "राग हे चांगलं कारण आहे," म्हणालात, आणि दर शुक्रवारी दुपारी तुमच्या स्वयंपाकघरात मला ती अक्षरं गिरवायला बसवलंत. तुम्ही कॉफी उकळत असता, मी टेबलाशी. तुमच्या जुन्या आर्मेनियन लोकांचा मिहिर देव आणि आमच्या वेदांमधला मित्र देव एकाच घरचे, हे कळलं त्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा कॉफी केलीत.

तुमचा पहिला ओरडाही आठवतो. तुमच्या त्या राजावर मी निबंध लिहिला होता, ज्यानं रोमच्याही आधी आपलं राज्य ख्रिस्ती केलं. त्यानं आधी एका ख्रिस्ती साधूला सापांनी भरलेल्या कोरड्या विहिरीत टाकलं. एक विधवा वरून रोज भाकर टाकायची, तिच्यावर तो तेरा वर्षं जगला. पुढे राजाला वेड लागलं. त्याच्या बहिणीला स्वप्न पडलं की विहिरीतल्या माणसाला काढा, तोच बरं करील. त्याला वर काढलं आणि त्यानंच राजाला बाप्तिस्मा दिला. मी हे सगळं घडलंच अशा थाटात लिहिलं. तुम्ही कागद माझ्यासमोर आपटलात. "तेरा वर्षं? हे लिहिणारा त्या राजानंतर शंभराहून जास्त वर्षांनी झाला. श्रद्धा रविवारी. माझ्या वर्गात पुरावा." मी बाथरूममध्ये जाऊन रडले, आणि पुन्हा तशी चूक केली नाही.

मग तो अठ्ठ्याऐंशीचा डिसेंबर आला. सकाळी टीव्हीवर दाखवत होते, सोव्हिएत आर्मेनियात भूकंप, उत्तरेकडची शहरं भुईसपाट. मी तुमच्याकडे धावत आले. दार उघडंच होतं. तुम्ही कोट घालून भिंतीवरच्या फोनशी उभ्या. तुम्हाला भाऊ आहे, हे मला त्या दिवशी कळलं. महायुद्धानंतर बैरूतहून जहाजं भरभरून लोक आर्मेनियाला परत गेले, त्यांत तो गेला होता. तुमची परीक्षा होती. बंदरावर तुम्ही त्याला म्हणाला होतात, "तू हो पुढे, मी येतेच." ती परीक्षा तुम्हाला अमेरिकेला घेऊन आली. मग चाळीस वर्षं वर्षाकाठी एखादं पत्र. तो त्या भुईसपाट शहरांपैकीच एकात, शाळेत गणित शिकवायचा. आणि भूकंप शाळेच्या वेळेत झाला होता.

ऑपरेटर प्रत्येक वेळी तेच सांगत होती, "मॅम, सगळ्या लाइन्स बिझी आहेत." तुम्ही तिला सॉरी म्हणायचात आणि पुन्हा फिरवायचात. दुसऱ्या दिवशी आपण चर्चमध्ये कोट आणि ब्लँकेटं बांधायला गेलो. मदतीचं विमान जाणार असं कळताच तुम्ही धर्मगुरूंचा हात धरलात.

"मला न्या. मला भाषा येते."

"प्रोफेसर, जागा डॉक्टरांना आहे."

"मी दगड उचलीन."

ते तुमच्या हातांकडे बघत राहिले. शेवटी म्हणाले, "घरी जा. फोनजवळ बसा." पार्किंग लॉटमध्ये तुम्ही गाडीच्या टपाला दोन्ही हात लावून उभ्या राहिलात, खांदे हलत होते. मी तुम्हाला जवळ घेतलं नाही. तिथली रीत मला ठाऊक नव्हती.

त्यानंतर रोज दुपारी मी येत होते. तुम्ही जेवत नव्हता. मी खिचडी करून आणली, ती तशीच राहिली. एकदा रिसीव्हर ठेवून तुम्ही खुर्चीत बसता आणि म्हणता, "ते पुस्तक काढ. विहिरीचं वाच." मी जुन्या आर्मेनियनमधून अडखळत वाचू लागते. साप, विधवा, भाकर.

"पुढे. बहिणीचं."

बहीण स्वप्न सांगते. लोक म्हणतात, हिला वेड लागलं, एवढ्या काळानं तिथे हाडंसुद्धा उरली नसतील.

"पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग राहवलं नाही. "बाई," असंच तोंडात आलं होतं, पण म्हणाले, "प्रोफेसर, तुम्हीच सांगितलंत ना, हे नंतर कोणीतरी रचलं."

"मला माहीत आहे ते. मी ते तीस वर्षं शिकवते आहे!" तुम्ही इतक्या मोठ्यानं ओरडलात की मी पुस्तक मिटलं. मग अगदी हळू, लहान मुलीसारखं विचारलंत, "पण माणूस जगू शकतो ना? पाण्याशिवाय, थंडीत? टीव्हीवर एकाला ढिगाऱ्यातून काढलं. मी पाहिलं. तू सांग, जगू शकतो ना?"

मी म्हणाले, "हो." दुसरं काय म्हणणार होते?

तुमच्या भाच्याचा, त्या भावाच्या मुलाचा फोन येरेवानहून आला तेव्हा मी सिंकपाशी होते. तुम्ही ऐकून घेतलंत. एकच प्रश्न विचारलात आणि फोन ठेवलात. "वर्गातच सापडला. मुलांबरोबर," मला सांगितलंत. मग टेबल पुसायला घेतलंत. ते स्वच्छच होतं.

त्याच आठवड्यात सेमिस्टरचा शेवटचा तास होता. सगळ्यांना वाटलं तुम्ही येणार नाही. तुम्ही आलात, केस नीट बांधून, आणि पाचव्या शतकातली ती लढाई शिकवायला लागलात: इराणच्या बादशहानं अग्निपूजा लादली, आर्मेनियन सरदार हत्तींच्या फौजेसमोर उभे राहिले, सेनापती पडला. तिथे थांबलात. खडू हातात, फळ्याकडे तोंड. अमेरिकन मुलं एकमेकांकडे बघायला लागली. तुम्ही न वळता म्हणालात, "पुढे तू सांग." मी उठले. माझ्या सोलापुरी इंग्रजीत सांगितलं की आर्मेनियन हरले, पण पुढे काही दशकांनी त्यांना आपला धर्म पाळायची मोकळीक मिळाली, म्हणजे शेवटी तेच जिंकले.

बाहेर कॉरिडॉरमध्ये तुम्ही मला थांबवलंत. "शेवटचं वाक्य चुकलं. जे पडले त्यांना विचार, कोण जिंकलं." तुमच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं वाटलं असतं.

तुम्ही पुन्हा वर्ग घेतला नाहीत. आर्मेनियाला जायला सोव्हिएत व्हिसा मागितला, तो येईपर्यंत वसंत आला आणि तुमचं हृदय बंद पडलं. स्ट्रोक नाही, आजार नाही. डॉक्टर म्हणाले, साठीनंतर होतं असं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहायला बसतानाच ठाऊक होतं. मी आता अमेरिकेतल्याच जॉर्जिया राज्यात शिकवते, निवृत्तीला आले आहे. तो तास दर वर्षी येतो आणि त्या शेवटच्या वाक्याच्या जागी काय बोलावं ते मला अजून सापडलेलं नाही. पण एक सांगायचं राहिलं. मागच्या उन्हाळ्यात मी तुमच्या भावाच्या शहरात जाऊन आले. टेकडीवरच्या दफनभूमीत एकाच तारखेचे दगड आहेत, नजर पोचेल तिथवर. तुमच्या भावाचा दगड सापडला, तेव्हा त्यावरची वाकडी अक्षरं मी बोट फिरवून वाचली. शेजारच्या बाकावर एक म्हातारी बसली होती. तिनं विचारलं, "तुमचा कोण?" विद्यार्थिनी, प्रोफेसर, अमेरिका, हे सगळं सांगण्याइतकं आर्मेनियन मला येतं. तुम्हीच शिकवलंत. तरी मी म्हणाले, "भाऊ." ती माझ्या चेहऱ्याकडे, माझ्या साडीकडे बघत राहिली. मग सरकली आणि तिनं मला बसायला जागा करून दिली.