कृपा कॉर्न मिलचं लोहचुंबक

३ जून, मंगळवार
गिऱ्हाईक कमी. उन्हामुळे असणार. समोर दावी आकोफाच्या गिरणीवर मात्र रांग. तिची बाजू सावलीची आहे, बाकी काही नाही.
शाळेच्या हेडमिस्ट्रेस मॅडम टोर्नू येऊन गेल्या. मुलांच्या जेवणाचा मका दळायचं काम आता एकाच गिरणीला देणार. पिठात लोखंडाचा कीस येतो अशी ओरड आहे, तेव्हा पीठ पडतं तिथे लोहचुंबक बसवा, म्हणाल्या. मी म्हटलं, माझ्या पिठात कीस? अहो, माझ्या घरी रोज याच पिठाचं आकपले होतं, घोटलेला घट्ट गोळा. भेंडीच्या सारात बुडवलं की लोणी! दाताखाली कधी कण आला नाही. त्या म्हणाल्या, तरी बसवा.
हे काम मिळायलाच हवं. नाहीतर गिरणीला कुलूप, हे मला कळतं. मानसाला बोललो नाही. ती बिचारी घरचा मका मी उठायच्या आत दळून आणते. नवऱ्याची झोप जपणारी बायको मिळायला नशीब लागतं.

५ जून
रेडिओ दुरुस्तीवाल्या सेनानूकडून चर्चच्या मोडक्या स्पीकरमधलं लोहचुंबक आणलं. बशीएवढं. घरी टेस्ट घेतली. भाताच्या वाढणीला लावलं, चिकटेना. पितळी कुलपाला लावलं, चिकटेना. सरळ फसवणूक! परत जाऊन चार शब्द सुनावले. सेनानू म्हणाला, डोत्सेभाऊ, वाढणी ॲल्युमिनियमची, कुलूप पितळेचं. ते लोखंडच धरतं. आणि त्याने ते माझ्या पट्ट्याच्या बकलाला लावलं. निघता निघेना. दुकानातली माणसं उगाच हसत होती.

९ जून
तारेने घट्ट बांधलं. बाहेर पाटी: ‘येथे विज्ञानाने दळून मिळेल.’ संध्याकाळी पाहतो तर चुंबकाला काळी दाढी! म्हणजे चुंबक एक नंबर. पिठाचा संबंध नाही. बायकाच मक्यातून काय काय आणतात.
निश्चय: रोज पुसायचं.

१० जून
पुसलं नाही. लाइट नव्हती.

१५ जून, रविवार
आज देवाचा दिवस. उद्यापासून नक्की.

१८ जून
गिरणीच्या लोखंडी तबकड्या झिजल्या होत्या, त्यांना टाकी लावून घेतली. टाकीनंतरचा पहिला घाणा कोंबड्यांना टाकायचा अशी इथली रीत. दावी आकोफा अख्खी पाटी टाकते. उधळी बाई. मी मूठभर टाकला. कोंबड्यांनी तोही खाल्ला नाही, मग जास्त टाकून उपयोग काय?
संध्याकाळी यायरा विज्ञानाचा धडा मोठ्याने वाचत होती. लोहचुंबकाला दोन ध्रुव असतात. सारखे ध्रुव एकमेकांना ढकलतात. तापवलं, आपटलं की त्याची शक्ती जाते. मी म्हटलं, ते शाळेतल्या नाजूक चुंबकांचं. आपलं चर्चच्या स्पीकरमधलं आहे, पाद्रीबाबांचा आवाज पचवलेलं. ती म्हणाली, बाबा, पुस्तकात लिहिलंय. मानसा तिला म्हणाली, बाबांना दमवू नकोस. बायको शहाणी आहे.

२३ जून
दाढी पार हनुवटीखाली. हाताने निघेना. तारेचा ब्रश घेतला तर ब्रशच चिकटला. दावी तिचं चुंबक रोज सकाळी चिंधीने पुसते म्हणे. एवढा वेळ कुणाला आहे? डोकं चालवलं. चुंबक कोळशाच्या शेगडीत घातलं, लालबुंद केलं, गार झाल्यावर फरशीवर दणादण आपटलं. कडेचा टवका उडाला, पण कीस सगळा झडला! असल्या गोष्टी पुस्तकात मिळत नाहीत.

२४ जून
कमाल! दिवसभर दळलं, चुंबकाला एक कण नाही. पीठ शुद्ध झालं. यायराने टाचणी लावून पाहिली, खाली पडली. हल्ली टाचण्याही कसल्या येतात!

२७ जून
मॅडमना गाठून सांगितलं, पालकसभेत सगळ्यांसमोर होऊन जाऊ दे. दोन्ही गिरण्यांचं पीठ, शाळेचं चुंबक. त्या म्हणाल्या, विचार करा. मी म्हटलं, केलाय. दावी रस्त्यापलीकडून ओरडली, अहो भाऊ, कशाला हौस? घाबरली.
मानसा आकपले घोटत होती. ऐकून हात थांबला. नका जाऊ, म्हणाली. का विचारलं, तर म्हणे ऊन फार आहे.

४ जुलै, शुक्रवार
लिहू नये असं वाटतंय.
शाळेचं अंगण भरलेलं. चुंबक फिरवायला निवडली होती यायरा. दावीच्या पिठातून दोन-चार ठिपके निघाले. मग माझं. यायराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बिनधास्त घाल. बाहेर आलं ते दाढीसकट. मागून कुणी पोर ओरडलं, बोकड! टाळ्या.
मी उभा राहिलो. म्हटलं, हे पोतं कुणीतरी बदललं. माझ्या गिरणीचं खरं पीठ माझ्या स्वयंपाकघरात आहे, आणून पाहा. मानसा म्हणाली, राहू द्या हो. मी ऐकतोय कुठला? धावत जाऊन डबा आणला.
चुंबक आत. चुंबक बाहेर. स्वच्छ! मी डबा डोक्यावर धरून सगळ्यांना दाखवला. बघा, म्हटलं, बघा माझं पीठ!
कुणीच टाळी वाजवेना. मानसाने मान खाली घातली. यायरा माझ्या कानाशी आली. म्हणाली, बाबा, डबा खाली ठेवा. हे समोरचं आहे. दावीकडचं. ईस्टरपासून आई तिकडूनच आणते.
मी हळू बोल म्हटलं. पण पुढच्या बाकावर ऐकू गेलं होतं.
काम दावीला मिळालं.

५ जुलै
गिरणी उघडली नाही. उन्हामुळे.
दुपारी मानसाने मक्याची पाटी डोक्यावर घेतली आणि मागच्या दाराकडे निघाली. रोज पहाटे ती तिकडून, अख्ख्या गल्लीला वळसा घालून जात होती, मला दिसू नये म्हणून.
मी म्हटलं, पुढच्या दाराने जा. जवळ पडतं.