क्रेनवर कोण चढतं

प्रिय व्लाडो,

शनिवारी तू ढबू मिरचीच्या चटणीची बरणी माझ्या हातात कोंबलीस आणि म्हणालास, "नरेल, त्या ऑफिसात सरळ माणूस तू एकटीच. बाकी सगळे त्या कोलचे भाऊबंद!" मी हसले. ते हसू कसलं होतं, हेच तीन दिवस डायरीत लिहून खोडते आहे.

कारखान्याची बातमी चांगली नाही. दोन पोलाद कंपन्या एक झाल्यापासून तुझ्यासकट एकशे चाळीस माणसं गेली. पत्र्याचा विभाग सप्टेंबरात बंद होतोय. तुझी नोकरी गेल्याचं खापर मात्र सगळ्यांनी कोलवर फोडलंय. सत्तावीस वर्षांचा तुझा जोडीदार, आता कागदावरही क्रेन त्याचीच, म्हणजे चुगली त्यानंच केली असणार. तो वर क्रेनमध्ये असला की खालून कुणी हात करत नाही. इशाऱ्याशिवाय क्रेन हलवायची नाही असा नियम, म्हणून पत्र्याची वेटोळी पडून राहतात. शेवटी फोरमन शिव्या घालत येतो आणि हात करतो. "बस तिथंच, साहेबांच्या लाडक्या!" असं परवा साखळ्यांवरचा बिल खालून ओरडला.

तुझा गुडघा गेल्यावर तुम्ही चार वर्षं कसं निभावलंत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. शिडी कोल चढायचा, त्याच्या वाट्याच्या साखळ्या खाली तू अडकवायचास, आणि सह्या जुन्याच जागांवर, क्रेनपुढे तुझीच. नोंदी माझ्याकडे, मीही गप्प राहायचे.

मार्चमध्ये नव्या कंपनीनं तक्ता मागवला, कोण खरोखर काय काम करतो त्याचा. तुझ्या नावापुढे मी लिहिलं, 'चार वर्षं क्रेनवर चढलेला नाही. गुडघा अधू.' वाटलं, कागदावर असलं तर तुला कुणी शिडीवर पाठवणार नाही. खरंच तसं वाटलं होतं, की मला नुसता तक्ता चोख हवा होता? अजून सांगता येत नाही. त्याच ओळीवरून त्यांनी तुला काढलं.

कोलला हे तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात कळलं. म्हणाला, "गप बस, बाई. मला पडतायत शिव्या, पडू देत. तुझी नोकरी गेली तर अंथरुणावरच्या नवऱ्याला काय खायला घालशील?" आणि मी बसले गप्प. अकरा आठवडे.

काल त्यानं राजीनामा दिला. शुक्रवारी बायकोला घेऊन गाव सोडतोय. हे पत्र बिलला आणि बाकीच्यांना वाचून दाखव, आणि त्याआधी कोलच्या घरी जा. माझ्याकडे आला नाहीस तरी चालेल.

तुझीच, अजून म्हणवत असेल तर,
नरेल