डाव्या जबड्याखाली

६ नोव्हेंबर, बुधवार

वस्तरा आणला. जुन्या हत्यारांच्या दुकानातून, काळ्या मुठीचा. दुकानदाराने विचारलं, कशाला हवाय? म्हटलं, दाढीला. तो माझ्या दाढी वाढलेल्या गालांकडे बघून म्हणाला, "मग आजवर कशाने करत होतात?"

काय सांगणार त्याला? एक्कावन्न वर्षांचा घोडा झालो, पण स्वतःची दाढी कधी स्वतः केली नाही. मिसरूड फुटलं तेव्हा बाबा नव्हते, दादाने खुर्चीत बसवलं. तेव्हापासून दर बुधवारी आणि रविवारी चौकात दादाचं दुकान, दादाची खुर्ची, दादाचा हात. साध्या रेझरने मला पुरळ उठतं, म्हणून वस्तराच. आणि त्या खुर्चीत आता बसायचं नाही. संपलं ते.

७ नोव्हेंबर, गुरुवार

उजवा गाल झाला. डावा तसाच ठेवला. तीन ठिकाणी रक्त. ही म्हणाली, "मांजराशी भांडलात की काय? जा ना दादांकडे, मिटवा एकदाचं." मी कापूस दाबत राहिलो. "पडलं तरी नाक वर," असं म्हणत आत गेली.

१० नोव्हेंबर, रविवार

त्याला आज तीन आठवडे झाले. लिहून टाकतो, म्हणजे डोक्यातून तरी जाईल.

त्या रविवारी दादाचा वस्तरा मला डाव्या जबड्याखाली लागला. बरंच रक्त आलं. दुकान भरलेलं होतं – म्हातारे मास्तर, शेजारचा शिंपी, आणखी चौघंजण. मी टॉवेल दाबून ओरडलो, "हात थरथरतो तुझा! एखाद्याचा गळा कापशील अशाने." उचलली जीभ लावली टाळ्याला.

दादाने टॉवेल बाजूला केला. तुरटी लावली. राहिलेली दाढी पूर्ण केली. मग म्हणाला, "ऊठ."

भांडला असता तर बरं होतं. नुसतं 'ऊठ'! चूक याची आणि तोंड हा फिरवणार. मीही मग गेलो नाही.

११ नोव्हेंबर, सोमवार

डावा गाल केला, डाव्या हाताने. परत नाही.

१४ नोव्हेंबर, गुरुवार

मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. गर्दी असली की गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेमही बसवून बघतो, म्हणजे माझं तोंड अगदी त्यांच्या तोंडासमोर. आज मालक म्हणाला, "हे बरं होईपर्यंत तुम्ही आतच बसा. लोक घाबरतात." आत बसलो. काचेच्या कडेला कोन द्यायला मला विचारावं, आणि स्वतःच्या गालाला कोन देता येत नाही. वस्तरा जवळजवळ आडवा टेकवायचा, दाबायचा नाही, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची. सगळं पाठ आहे. हात ऐकत नाही. आणि भीतीने जरा कुठे दाबला की लागलाच.

१७ नोव्हेंबर, रविवार

दादाच्या दुकानावरून गेलो, समोरच्या बाजूने. रविवार, सकाळचे दहा, आणि तिन्ही खुर्च्या रिकाम्या. दादा बाकावर पेपर धरून बसला होता. वाचत नव्हता, पान उलटतच नव्हतं.

पुढे शिंपी भेटला. नव्या सलूनमधून येत होता, गाल गुळगुळीत. मी विचारलं, तुम्हीसुद्धा? तो म्हणाला, "तुम्हीच म्हणालात ना. सख्खा भाऊ म्हणतो म्हटल्यावर खरंच असणार. मास्तरही जात नाहीत हल्ली."

दुपारी ताटावर बसलो आणि तसाच उठलो. हिने विचारलं तर म्हटलं, पोट बरं नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

दोन्ही गाल जमले! गरम पाण्याचा टॉवेल पाच मिनिटं धरून ठेवला, फेस चांगला घट्ट केला, वस्तरा आधी जुन्या चामडी पट्ट्यावर वीसदा फिरवून घेतला. केस कापल्याचा बारीक आवाज येत होता, आणि दुखत काहीच नव्हतं. कितीतरी वेळ गालावरून हात फिरवत बसलो. आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

पण हे सांगायचं कुणाला? ज्याला कळलं असतं असा एकच माणूस आहे.

२४ नोव्हेंबर, रविवार

वहिनी आली होती. दार उघडताच माझ्या मानेकडे बघून म्हणाली, "भाऊजी, हे काय? जीव द्यायचा विचार आहे का?" मग चहा घेताना हळूच सांगितलं – दादा दुकान बंद करणार. वर्षअखेरीला आरसे उतरवायचे म्हणतोय. सकाळी उठून नेमाने जातो, दुपारपर्यंत बसतो, परत येतो. जेवण नाही धड.

मी विचारलं, "माझ्याबद्दल काही बोलतो का?"

"नावसुद्धा काढत नाहीत," वहिनी म्हणाली. "चार शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं."

ती गेल्यावर ही कपबशा आपटत आत घेऊन गेली. चाळीस वर्षांचं दुकान, आणि मी ते एका वाक्यात बंद पाडलं. एका!

२६ नोव्हेंबर, मंगळवार

पुन्हा लागलं. पुन्हा डाव्या जबड्याखालीच.

३० नोव्हेंबर, शनिवार

तीन दिवस दाढी केली नव्हती. आज सकाळी आरशासमोर उभा राहून डोळे मिटले आणि बोट फिरवत गेलो, केस कुठे कसे वळतात ते बघायला. गालावर खाली. हनुवटीवर खाली. गळ्यावर थोडे वर. आणि डाव्या जबड्याखाली, रुपयाएवढ्या जागेत, चक्क भोवरा! लहान मुलाच्या डोक्यात असतो तसा. वस्तरा कसाही आणा, अर्धे केस उलटेच येणार. वर तिथे कातडीही सैल.

आणि मग आठवलं. इथे आला की दादा दरवेळी गप्प व्हायचा. खुर्चीला वळसा घालून मागे जायचा, माझं डोकं छातीशी धरायचा आणि दोन बोटांनी कातडी ओढून दोन-तीन इवलेसे हात मारायचा. मला वाटायचं, उजेडासाठी जातो मागे. कधी विचारलं नाही. त्यानेही कधी सांगितलं नाही की बाबा, तुझ्या गळ्यावर हे असं आहे.

छत्तीस वर्षं, आठवड्यातून दोनदा. त्यात एकदा लागलं. मला महिन्याभरात तिथेच पाचदा लागलंय. आणि त्या दिवशी शिंपी काहीतरी विनोद सांगत होता. मी हसलो असणार. मान हलली असणार. नक्की हलली. दादाचा हात कुठला थरथरतोय!

लाज वाटते. दुसरा शब्द नाही.

५ डिसेंबर, गुरुवार

चौकापर्यंत गेलो आणि परत आलो. माफी मागायची सवयच नाही या तोंडाला.

८ डिसेंबर, रविवार

केलं. करून टाकलं.

रिकाम्या दुकानात जाऊन माफी मागण्यात काय अर्थ? चारचौघांत बोललो होतो, चारचौघांतच मागे घ्यायला हवं. म्हणून आधी मास्तरांच्या घरी गेलो, त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. वाटेत शिंप्याला मशीनवरून उठवलं. तो म्हणत होता, माझी दाढी झालीय. म्हटलं, दाढी राहू द्या, तुम्ही फक्त चला.

दादा उठून उभा राहिला. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं – हात थरथरतो म्हणालो ते चूक, माझ्या गळ्यावर भोवरा आहे, त्यात मी हसत होतो, दोष माझा. मास्तरांचं बोट धरून भोवऱ्यावर फिरवलं. ते चष्मा वर करून म्हणाले, "अरे हो की! हे तर अवघड गणित आहे." शिंप्यानेही हात लावून बघितला. आता गावभर माझ्या गळ्याची चर्चा होणार. होऊ दे.

दादाने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. सगळ्या खुणा एकेक करून बघितल्या. सात आठवड्यांनंतरचं पहिलं वाक्य – "वस्तरा उभा धरतोस तू."

मी खुर्चीत बसलो. त्याने दाढी केली, सगळ्यांसमोर. झाल्यावर मास्तर म्हणाले, बुधवारी मी येतो. शिंपी म्हणाला, मीसुद्धा. वहिनीला फोन करून सांगितलं, तर ती फोनवरच रडायला लागली.

आणखी लिहायचं आहे. आज नको.

९ डिसेंबर, सोमवार

काल एक गोष्ट लिहिली नाही. दादा खुर्चीमागे गेला, जबड्याखाली वस्तरा टेकला, आणि पातं थरथरत होतं. आता मला एवढं कळतं. मी श्वाससुद्धा रोखून धरला होता. लागलं. टॉवेलवर डाग दिसायच्या आत मी मोठ्याने म्हणालो, "हललो रे मी, सॉरी." मास्तर हसले. दादा हसला नाही. आरशात बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. तुरटी लावताना कानाशी म्हणाला, "उद्या दुकान बंद. सकाळी ये."

गेलो. शटर अर्धं वर होतं. दादा फेस लावून, मान मागे टाकून, स्वतःच खुर्चीत बसला होता. मला बघून वस्तरा पुढे केला. म्हणाला, "बुधवारी मास्तर येणार. तोवर माझ्यावर हात बसव."