बाबांचं डोकं आणि सम्राटाचे जोडे

ती. प्रिस्काताईस,

धाकट्या मॅक्रिनसचा नमस्कार. तू बरी असशील तर छान, मी बरा आहे. (ही सुरुवात बाबांनी घालून दिलेली, मोडवत नाही. अंगात ताप फणफणत असला तरी ते पत्रात आधी ‘मी बरा आहे’ असंच लिहायला लावायचे. एक गुडघा सोडला तर मी खरंच बरा आहे.) भावोजींना नमस्कार सांग. रावेन्नाचे डास त्यांना अजून तसेच फोडून खातात का? राजवाड्यात एवढी मोठी नोकरी, पण डासांना काय त्याचं!

लोकरवाल्याकडून तुझा निरोप मिळाला. ‘सगळं सोडून इकडे निघून ये, आणि येताना बाबांचं डोकं तेवढं विसरू नकोस.’ ताई, खोटं नाही सांगत, मी निघालोच होतो. गाडीला उसनं आणलेलं खेचर जुंपलं होतं, डोकं गवतात गुंडाळून मधोमध ठेवलं होतं. तरी मी आलो नाही आणि डोकंही आलं नाही. का, ते सांगतो. मध्येच चिडू नकोस. (चिडशीलच.)

आधी गावाची खुशाली. आपल्या लहानपणी वेशीचा दरवाजा कधी लावलेला तुला आठवतो? मला नाही आठवत. त्याची किल्ली कुणाकडे असते हेसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. लावायचा कशाला, आणि कुणाच्या भीतीने? आफ्रिकेचं तेल, हिस्पानियाची खारवलेली मासळी, सगळं त्याच वेशीतून आत यायचं आणि आपण दोघं गाड्यांच्या मागे लोंबकळत यायचो. गाडीवान शिव्या द्यायचे, त्यासुद्धा किती निवांतपणे द्यायचे! आता एक गाडी जाईल एवढी फट ठेवून ती वेस चिणून टाकलीय. दगड कमी पडले म्हणून रस्त्याकडेच्या थडग्यांचे काढून आणले. आपले आजोबा त्या भिंतीत उलटे बसलेत. मी जाता-येता मान वाकडी करून त्यांना नमस्कार करतो, लोकांना वाटतं माझी मान धरलीय. हमामखान्याची भट्टी तर कधीच विझली. गरम खोलीत उर्सिकिनस शेळ्या बांधतो. (तोच उर्सिकिनस, तुला मागणी घालायला आला नि कारंज्यात पडला तो. आता गावचा कारभार तो आणि मी, असे आम्ही दोघंच बघतो, बाकीचे पळाले.) पण आम्ही अजून तिला गरम खोलीच म्हणतो, आणि शेळ्यांच्या उबेने ती थोडीफार असतेही.

आता पुतळ्याचं. भूकंपात गावाला पाणी आणणारी कमान पडली तेव्हा बाबांनी सुभेदाराच्या दारात धरणं धरून ती पुन्हा बांधून घेतली, म्हणून गावाने चौकात त्यांचा पुतळा उभारला, पोटासकट, तुला आठवतंच. मग सम्राट भराभर बदलू लागले. प्रत्येकाचा अख्खा पुतळा गावाला कुठला परवडायला? धड तेच ठेवायचं नि डोकं बदलायचं, ही आपल्याकडची रीतच. तेव्हा बाबाच सभेत उठून म्हणाले, ‘माझं काढा, मला घरी आरसा आहे.’ त्या दिवसापासून किती सम्राट आले नि गेले, पण पोट सगळ्यांचं बाबांचंच. आणि काढलेलं डोकं आईने चीज दाबायला घेतलं. ‘या माणसाचा घरात कधी हात लागला नाही, निदान डोकं तरी कामाला आलं,’ असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची, आणि बाबा शेजारी बसून तेच चीज खायचे. काय घर होतं गं आपलं!

तर मी निघणार त्या सकाळी उर्सिकिनस धापा टाकत आला. राजवाड्याचा अधिकारी येतोय! नव्या सम्राटाचा पुतळा गावोगावी बसवलाय की नाही ते बघायला. आणि चौकात तर नुसतं धड! जुन्या सम्राटाचं डोकं आम्ही उतरवून चुनाभट्टीत दिलेलं (भिंतीला चुना हवा होता), नवं घडवायला कारागीर राहिला नाही. पुतळ्याला डोकं नाही म्हणजे राजद्रोह, आणि मग डोकी आमची जाणार. उर्सिकिनस माझ्या गाडीकडे टक लावून बघत राहिला.

‘मॅक्रिनस, तुझ्याकडे एक डोकं आहे.’

‘ते माझ्या बापाचं आहे!’

‘मग? नव्या सम्राटाला इथे कुणी पाहिलंय? आणि तुझ्या बापाला कोण नाही म्हणणार?’

मी भांडलो, ताई. तुझी शपथ घातली, तुझा राग किती वाईट ते सांगितलं (ते त्याला माहीत होतं). पण शेवटी शिडी मीच लावली. सम्राटांची डोकी त्या धडावर कधी नीट बसलीच नव्हती. खाली शिशाच्या पाचरी मारायच्या, तरी वारा सुटला की ती डुगडुगायची. बाबांचं डोकं मी नुसतं टेकवलं आणि ते आपलं आपण खाली बसलं. पाचर नको, काही नको. पाणी भरणाऱ्या बाया घागरी खाली ठेवून बघत राहिल्या. म्हाताऱ्या सेवेराने तर डोक्यावरून पदर घेतला आणि म्हणाली, ‘आले गं बाई मालक.’ मला शिडीवरून उतरवेना.

अधिकारी संध्याकाळी आला. बिचारा पोरसवदा, चिखलाने माखलेला, थकलेला. त्याने वर बघितलं नि नाक मुरडलं. ‘वास कसला येतोय?’ (चीजचा. इतक्या वर्षांचं मुरलेलं.) उर्सिकिनस म्हणाला, आमच्याकडचा धूप असाच असतो. मग त्याने विचारलं, सम्राट इतके रागावलेले का दिसतात? उर्सिकिनस म्हणाला, सरहद्दीवरची परिस्थिती बघून. तेवढ्यात तो पोरगा खाली वाकून पुतळ्याचे पाय निरखायला लागला. शेवटी म्हणाला, ‘तोंडाचं मला विचारू नका. दरबारात मान वर करायची सोय नाही, मी सम्राटांचे फक्त जोडे पाहिलेत. जांभळे, मोती लावलेले. हे जोडे त्यांचे नाहीत.’

बाबांचे ते झिजलेले पट्ट्यांचे जोडे! पण उर्सिकिनसही काही कमी नाही. म्हणाला, सम्राट प्रजेच्या दुःखाने साधे राहतात अशी आमची समजूत, चुकलं असेल तर उद्याच जांभळा रंग देतो. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. तो धूप जाळून बाबांसमोर आडवा पडला, चक्क आडवा. रात्री आमच्याकडे घेवड्याची आमटी जेवताना सांगत होता, गावोगावी रिकामे चौक बघत आलो, पुतळ्यापुढे इतकी माणसं जमलेली इथेच पाहिली. गाव राजनिष्ठ आहे असा शेरा मारून सकाळी गेला.

आणि माणसं खरंच जमतात, ताई. रोज संध्याकाळी कुणीतरी दिवा लावतं, मग सगळे पायऱ्यांवर बसतात, तेलाच्या नि मासळीच्या गप्पा निघतात, कमान बांधली तेव्हाच्या गोष्टी निघतात. कालपरवा तर उर्सिकिनस कारंज्यात पडल्याची गोष्ट त्याने स्वतःच सांगितली. असं हसणं मी कितीतरी वर्षांत ऐकलं नव्हतं. आता डोकं काढून आणलं तर गावावर राजद्रोह, आणि ठेवून आलो तर मला तिथे झोप लागणार नाही. मी गाडी सोडली. खेचर परत केलं. माझ्यावर रागव, पण फार नको.

तुझा धाकटा,
मॅक्रिनस

ता. क. चीजवर ठेवायला आता काही नाही. तिकडे एखादा जड, गुळगुळीत दगड मिळाला तर लोकरवाल्याबरोबर पाठव. त्याला नाक असेल तर उत्तम, धरायला बरं पडतं.

आणखी ता. क. जोड्यांना जांभळा रंग द्यायचं मी मुद्दाम राहू दिलंय.

शेवटचं, आणि खरं काम. तो पोरगा जाताना कुजबुजला, हाही सम्राट फार दिवस टिकेलसं वाटत नाही. नवा आला की गावोगावी कळवायचं काम भावोजींच्याच कचेरीतून होतं ना? त्यांना म्हणावं, सिंहासनावर कुणीही बसू दे, सुखाने बसू दे. आमच्या गावाला कळवायचं तेवढं त्यांच्या हातून राहून जाऊ दे. बाबा आत्ताच कुठे घरी आलेत.