आधी साइझ, मग नग

शुक्रवार, संध्याकाळ. अंबरनाथ

कम्प्युटरवर माल नोंदवायची एंट्रीची विंडो मी केली. त्यातले चार बॉक्स, दोन बटणं, खालची बेरीज, कोपऱ्यातलं माझं नाव, सगळं जावा भाषेच्या स्विंग लायब्ररीत, स्वतः शिकून, माझ्या हातानं. कॅम्प पाचच्या जीन्स कारखान्यात ती इतकी वर्षं बिनतक्रार चालली.

आणि शेठचा भाचा जितेश म्हणतो, "अंकल, पुराना दिखता है. मैंने थोडा सेट कर दिया."

सेट म्हणजे काय, तर बरं दिसतं म्हणून नग आधी, साइझ नंतर! अरे, एंट्री करणाऱ्या शोभाताई डाव्या हातानं गठ्ठे सरकवतात, उजव्यानं आकडे मारतात. नजर गठ्ठ्यावरच्या चिठ्ठीवर, स्क्रीनवर नाही. चिठ्ठीवर आधी साइझ असते, म्हणून विंडोतही आधी साइझ. त्यांच्या शेजारी बसून ठरवलं होतं मी हे. आज साइझचे आकडे नगात गेले आणि शेठनं बाईंनाच झापलं.

"भाऊ, माझा हात चुकत नाही हो," म्हणाल्या. डोळे भरलेले.

शेठसमोर बॉक्स परत जागेवर लावून दाखवले. जितेशनं बाईंना निदान सॉरी म्हणावं? छे!

उलट बाहेर येऊन माझ्या खांद्यावर हात. "नाराज मत हो अंकल. पूरे मार्केट में बेचते हैं. बस, आपका नाम हटाके मेरा डालो."

ह्याचं नाव? आधी साइझ का, हे ज्याला अजून कळलं नाही त्याचं? चाळीस हजार देत होता, रोख. नाही म्हणालो.