धाकट्याला काही नाही

मी, खाली सही करणारी, या देशाची माजी शिक्षणमंत्री. वय बरेच झाले, पण डोके ठिकाणावर आहे. कुणाच्याही दबावाखाली न येता (आजवर आले नाही, आता काय येणार) माझ्यामागे कुणाला काय द्यायचे ते लिहून ठेवते.

राहते घर आणि बँकेतली ठेव भाचीला, म्हणजे माझ्या धाकट्या भावाच्या मुलीला. ती पहिलीच्या वर्गाला शिकवते. मागची खोली तिने भाड्याने देऊ नये. तिथे दुपारचे ऊन अंथरुणाच्या पायथ्याशी येऊन थांबते, आणि मी हल्ली तिथेच असते.

मंत्रालयातून निरोपाला मिळालेली खुर्ची मोडीत काढावी. आमचे खाते आधी गृहखात्याच्या टेबलाचा एक कोपरा होते. पोलिसांच्या बदल्या उरकून वेळ उरला तर शाळा. मग ते आरोग्याला जोडले, मग त्याला स्वतःचा मंत्री मिळाला, आता क्रीडेच्या गळ्यात बांधले आहे. डोळा लागला की ते सगळे मंत्री मला पहिलीच्या बाकांवर दिसतात, गुडघे हनुवटीला टेकलेले. गृहखात्याचे ते पहिले गृहस्थ कुजबुजतात, "बाई कधी येणार हो?" मी म्हणते, "येतील. तोवर पडा जरा."

माझ्या काळात मी लहान वर्गांना दुपारची झोप लावून दिली. वर्तमानपत्रे मला झोपमंत्री म्हणाली. म्हणोत बापडी. एका शाळेच्या दारात मी उभी होते. सगळा वर्ग सतरंज्यांवर झोपलेला, बाईसुद्धा, नुसता पडदा हलत होता. त्याहून मोठे काम माझ्या हातून झाले नाही. पुढे सरकार पडले, माझ्या जागी धाकटा आला आणि पहिल्याच आठवड्यात त्याने सतरंज्या गुंडाळायला लावल्या. "ताई, झोपून देश पुढे जात नाही," एवढेच म्हणाला. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. हे मी माफ केलेले नाही आणि या कागदानेही करत नाही.

धाकट्याला काहीही ठेवलेले नाही. वकीलबाई म्हणाल्या, "सख्खा भाऊ ना? निदान घड्याळ तरी द्या."

मी विचारले, "दिले तर त्याला साक्षीदार होता येईल?"

"नाही. ज्याला मिळतं त्याची साक्ष चालत नाही. साक्षीदाराला तर तुमच्यासमोर बसून सही करावी लागते."

"मग त्याला सुतळीचा तोडाही नको."

साक्षीदार म्हणून त्यालाच बोलवावे, त्याच्या जागी दुसरा चालणार नाही. तो आला नाही तर हा कागद रद्द, आणि घर कायद्याने त्याचेच होईल. म्हणजे न येण्यात त्याचा फायदा आहे, हे मला कळते. भाचीला सांगितले, तर म्हणाली, "आत्या, घर गेलं तरी चालेल." मला त्याला एकदा बघायचे आहे. दुसरे निमित्त सापडले नाही.

ठिकाण: राहते घर, मागची खोली. शनिवार, दुपार.

सही: माजी शिक्षणमंत्री

साक्षीदार पहिला: घरी येणाऱ्या डॉक्टरीणबाई. सही करताना मंत्रीबाई पूर्ण शुद्धीवर होत्या.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ, माजी शिक्षणमंत्री. ताईने माझ्यासमोर सही केली, मी तिच्यासमोर. त्यानंतर तिला झोप लागली. तिला कुणी उठवू नये. मी बसलो आहे.