सहावी ओळ

३ फेब्रुवारी
साहेबांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं — नवी मुकादम म्हणून माझं नाव पुढे पाठवलंय. बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. मी परत वेलांखाली वाकले.
मुकादम झाले की टोमॅटोच्या वेलांखाली दिवसभर वाकणं संपेल. पण पॉलीहाऊसमध्ये धुरी सोडायच्या आधी दारात उभं राहून "आत कोणी आहे का?" अशी हाक मुकादमच मारते. मागच्या वर्षी ती हाक ताईला ऐकूच गेली नाही. सहाव्या ओळीत कोंब खुडण्यात दंग होती. दारं लागली, औषधाचा धूर सुटला, ती आतच गेली. माझी सख्खी बहीण.

४ फेब्रुवारी
आई म्हणाली, "घे ती जागा. आपलं माणूस दारापाशी असलेलं बरं."

९ फेब्रुवारी
मोठ्या ऑफिसातून एक बाई आल्या. भिंतीवर नवा फलक — 'झाडं वाढतात, आपणही वाढू.' एकेकीला खुर्चीत बसवून प्रश्न. नवीन शिकायला मिळतं का? साहेब ऐकून घेतात का? मी आपली मान हलवत होते, नंदीबैल नुसता! मग त्यांनी विचारलं, "काम करताना आजूबाजूचं भान राहत नाही, असं होतं का कधी?"
अंगावर सर्रकन काटा आला. बाई हसल्या. "अहो, घाबरू नका! चांगलंच असतं ते. मन रमल्याची खूण."
मग ताईला पहिला नंबर द्या! ओठांवर आलं होतं, गिळलं. "नाही होत," म्हटलं.

१० फेब्रुवारी
सहाव्या ओळीजवळून जाताना आवाज — कट, कट. देठ मोडल्याचा. ताईचा हात अस्साच चालायचा, भराभर. जाऊन बघितलं तर कोणी नाही. शेजारच्या ओळीतली म्हणाली, "सुकी पानं वाजतात गं." ओळ तर कालच झाडलेली!

१३ फेब्रुवारी
आज पुन्हा.

१४ फेब्रुवारी
हो म्हणून आले. एक अट घातली — नुसत्या हाकेवर भागायचं नाही. आधी मी प्रत्येक ओळ चालून बघणार, मगच मशीन सुरू. साहेब कुरकुरले, "उगाच वेळ जाईल." म्हटलं, "जाऊ दे!" मीच बोलले हे, माझा मलाच विश्वास बसेना. शेवटी 'बरं' म्हणाले.
आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "आता कोणाची लेक आत राहणार नाही." मलाही रडू आलं. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

१५ फेब्रुवारी
पहिली धुरी. सगळ्या बाहेर गेल्या, मी ओळी बघत निघाले. सहावीत एक कोंब राहिलेला दिसला. खुडला. मग त्याच्या शेजारचा. मग पुढचा...
धुरीवाल्याने दंडाला धरून ओढलं तेव्हा भानावर आले. बाहेरून सगळ्या घसा फुटेस्तोवर हाका मारत होत्या म्हणे. मला एकही ऐकू आली नाही.
आणि इतकं बरं वाटत होतं!